मांगून येते

राखीने, माझ्या मुलीने, जालन्याहून पाठवलेल्या खोक्यात गेम कन्सोल होता, दोन कंट्रोलर होते, मनगटात अडकवायच्या फिती होत्या आणि टीव्हीखाली ठेवायची सेन्सरची पट्टी होती. टीव्हीला जोडायची, चित्र नेणारी केबल नव्हती. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “राहिली वाटतं, बाबा. पण कोणतीही चालते. बाजारात घ्या अन् लावून टाका.”

‘कोणतीही’ हा शब्द मी वर्गात एकतीस वर्षे कधी खपवून घेतला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा विभाग माझ्याकडे होता. कोणताही फ्यूज, कोणताही रेझिस्टर, कोणतीही वायर असे म्हणणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला मी तास संपेपर्यंत उभा ठेवीत असे. तेव्हा फोन ठेवल्यापासूनच मला स्वस्थता नव्हती.

शिवाय हा कन्सोल आमच्याकडे खेळण्यासाठी आलेला नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस माझी पत्नी मनकर्णा हिला अर्धांगाचा झटका आला. पाय लवकर सावरला, वाचा आठ दिवसांत आली. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबता राहिला. पुढे तो खांद्यात व कोपरात हलू लागला, बोटे अर्धी मिटू लागली आणि तिथेच सगळे थांबले. व्यायाम देण्यासाठी अंजुम मॅडम घरी येत. त्या म्हणाल्या, “सर, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. त्या काळात हात जितका कामाला लागेल तितका आपला. आणि बाईंना व्यायामाचा कंटाळा आला आहे. त्यांना खेळ द्या.” हात हलवला की पडद्यावरचा माणूस हात हलवतो असा खेळ राखीच्या घरी पडून होता. म्हणून तो मागवला. तेव्हा सप्टेंबर लागला होता. सहा महिन्यांपैकी जवळजवळ तीन शिल्लक होते आणि त्यातला एकही दिवस मला चुकीच्या केबलवर घालवायचा नव्हता.

मी कापडी बांधणीची नवी वही घेतली. माझा जुना नियम आहे: संशयित गोष्ट पेन्सिलीने, निश्चित झालेली शाईने. पहिल्या पानावर मी उपलब्ध मार्ग लिहिले.

पहिला मार्ग साधा तीन पिनांचा. पिवळ्या पिनेतून चित्र, लाल आणि पांढऱ्या पिनांतून आवाज. दुसरा मार्ग म्हणजे कन्सोलच्या पाठीला चिकटणारी काडेपेटीएवढी पांढरी पेटी, जिच्यातून चित्र बदलून एचडीएमआयच्या केबलने टीव्हीत जाते. तिसरा पाच पिनांचा: हिरवी, निळी, लाल अशा तीन पिनांतून चित्राचे तीन भाग वेगवेगळे निघतात आणि एका धातूच्या पेटीत जातात. ती पेटी ते चित्र टीव्हीच्या पूर्ण आकाराला मोठे करून पुढे देते. या केबलीत लाल पिना दोन असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. घोटाळा नको म्हणून आवाजाच्या लाल पिनेला मी पांढरा दोरा बांधला.

आवाजाचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी सोडवला. नव्या एलईडी टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मी स्वतः बांधलेला अँप्लिफायर आणि सागवानी खोक्यातले दोन स्पीकर अजून उत्तम आहेत. तिन्ही मार्गांत आवाज कन्सोलमधून थेट अँप्लिफायरला दिला. निवड उरली ती फक्त चित्राची.

पहिली चाचणी पिवळ्या पिनेची. टीव्हीला पिवळ्या पिनेचे भोक नव्हते, एक बारीक छिद्र होते आणि त्याच्यासाठी वेगळा तुकडा लागला. तो आणला तर त्यातली रंगांची ओळ उलटी निघाली. पिवळ्यात चित्र येईना, लालमध्ये आले. ते जमल्यावर चित्र दिसले, पण कसे? हिरव्या मैदानाचा रंग पांढऱ्या रेषांवर सांडलेला, चेंडूला शेपूट, अक्षरे पाण्यात भिजल्यासारखी. मी खुर्चीवरून दोनदा उठलो, पिना काढून पुसून पुन्हा बसवल्या. फरक नाही.

टेनिसचा खेळ होता. मनकर्णाच्या डाव्या हाताला कंट्रोलर रुंद पट्टीने बांधला आणि वीस चेंडू मोजले. तिने आठ मारले.

“आठ तं आठ,” ती म्हणाली. “पर मांगून येते, बरं का.”

मनकर्णा जानेफळची. मी देऊळगाव राजाचा. बुलडाण्यात संसार होऊन एक्केचाळीस वर्षे झाली, तरी तिची वऱ्हाडी बोली तिच्याबरोबर जशी आली तशीच राहिली आहे, आणि माझी भाषा, तिच्या मते, अर्जासारखी आहे. ‘मांगून येते’ म्हणजे मागून येतो, हे मला कळले. झटका आलेला हात मागून येणारच. मी म्हणालो, “येईल. सराव ठेव.”

“किती दिवस?”

“थोडा धीर धर. मी बघतो आहे ना.”

तिने मान हलवली आणि ती समाधानाने चहा प्यायली. वहीत मी पेन्सिलीने लिहिले: डावा हात, प्रतिसाद मंद.

पिवळी पिन मी बाद केली. ज्या माणसाचा हात अधू आहे त्याला निदान चित्र तरी स्वच्छ दिसले पाहिजे, हा माझा विचार. त्यात चूक आहे असे मला कुठल्याही बाजूने दिसत नव्हते. चार दिवसांनी पांढरी पेटी आली. चित्र बरेच सुधारले. चेंडूची शेपूट गेली. मनकर्णाने सहा मारले.

“अजून बी मांगूनच येते,” ती म्हणाली.

“येईल.”

“तुमी म्हणता तं येईन.”

सकाळी वीस चेंडू आणि पाच वाजता वीस असा क्रम मी लावला होता. आठवडाभराच्या नोंदी घेतल्या. सहा, पाच, सहा, सात, पाच आणि पुढेही तेच. मला रात्री झोप लागे, पण दिवसा एका जागी बसवेना. टीव्हीपुढची खुर्ची मी फूटभर मागे घेतली, मग पुढे. खिडकीचा पडदा ओढला, उजेड कमी वाटला, तो उघडला. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर हेही वहीत लिहिले. मनकर्णा म्हणाली, “चेंडूपरस तुमीच जास्त पळून राह्यले. मॅच तुमची हाय का माझी?”

पाच पिनांची केबल आणि धातूची पेटी यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी पोस्टमन, कुरिअरवाला आणि शेजाऱ्यांची बेल यांच्यातला फरक आवाजावरून ओळखू लागलो. ती जोडली त्या दिवशी चित्र पाहून मी स्वतःच उभा राहिलो. रॅकेटच्या जाळीचे धागे मोजता येत होते. प्रेक्षकांतल्या बाईच्या डोक्यावरची टोपी दिसत होती. विभागात असतो तर मी सगळ्या तुकडीला बोलावून दाखवले असते.

मनकर्णाने वीसपैकी तीन मारले.

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तीन आणि दोन.  ती आता ‘मांगून येते’ हेही म्हणेना. पट्टी सोडवताना तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो मला पूर्वीपेक्षा जड वाटला.

दिसणारे आकडे सरळ होते. चित्र सुधारत गेले तसा हात खालावत गेला. आणि चित्राचा दोष नाही हे सिद्ध झाल्यावर दोष कोणाचा उरतो? ऑक्टोबरची दहा तारीख आली होती. साडेचार महिने गेले, दीड उरला. मी राखीला फोनवर सांगितले, “हात मागे पडतो आहे गं.” आणि वहीत पेन्सिलीची जुनी ओळ खोडून शाईने लिहिले: डावा हात, प्रतिसाद घटत आहे.

लिहिल्यावर बरे वाटेल असे वाटले होते. वाटले नाही. अंजुम मॅडमना हे कधी सांगायचे, या विचाराने मी अंगणात येरझारा घालू लागलो. मग मनात आले की अजून एक मार्ग असेल. आणखी चांगली केबल, आणखी चांगली पेटी. आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि धाडची एसटी धरली.

धाडला गफ्फारचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. गफ्फार माझ्या सत्त्याऐंशीच्या तुकडीतला. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे, पण मला पाहिले की सोल्डरिंगची कावी स्टँडवर ठेवून उभा राहतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकानापुढे भेंडीच्या पाट्या लागलेल्या आणि आत जुन्या टीव्हींच्या रांगा.

“बसा, सर. पहिले चाय.”

“चहा नको. मला हे सांग, यापेक्षा चांगली केबल कुठे मिळेल?” मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सगळी हकीकत क्रमाने सांगितली.

त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. बोट पिवळ्या पिनेच्या आठवर ठेवले, मग सहावर, मग तीनवर नेले.

“सर, एक गोष्ट समजून नाही राह्यली. चित्र चांगलं झालं तसे चेंडू कमी झाले?”

“हात खालावतो आहे.”

“हात खालावते तं चाय प्याची, कंगवा धराचा, हे बी खालावलं असंन ना?”

 चहा ती उजव्या हातानेच पीत असे. पण मागल्या रविवारी तिने डाव्या हाताने परकराची नाडी धरली होती. लसूण सोलताना कुडी दाबून धरली होती. हे मी पाहिले होते आणि कोणत्याही रकान्यात बसत नसल्यामुळे लिहिले नव्हते.

“बाई काय म्हणतात?” गफ्फारने विचारले.

“ती एवढेच म्हणते, मांगून येते.”

“कोन मांगून येते?”

“हात.”

“असं म्हणल्या बाई? हात मांगून येते, असं?”

“नाही. म्हणाली, मांगून येते.”

गफ्फारने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याच्या चेहऱ्यावर मला माझाच वर्गातला चेहरा दिसला. “सर, माफी द्या, पर तुमचंच बोलून राह्यलो. पह्यल्या दिवशी तुमी फळ्यावर लिवलं होतं. ‘चालत नाही’ ही तक्रार नाही. काय चालत नाही ते लिहा. म्या गिऱ्हाइकाच्या रजिस्टरात एकदा ‘बंद आहे’ एवढंच लिवलं तं तुमी मले घंटाभर उभं ठेवलं होतं.”

मी कागद स्वतःकडे ओढला.

“काय बंद आहे, टीव्ही का आवाज का लाइट?” गफ्फार हसत म्हणाला. “थे वाक्य तं माझ्या पोराले बी पाठ हाय.”

माझ्या भाषेत हात मागून येतो आणि चित्र मागून येते. शेवटच्या अक्षरावरून कर्ता ओळखता येतो. पण मनकर्णाच्या बोलीत हात बी येते, चित्र बी येते, एसटी बी येते आणि जावई बी येते. त्या ‘येते’मधून काहीच कळत नाही, विचारावे लागते. एक्केचाळीस वर्षे मी त्या बोलीत जेवलो आणि भांडलो. मी विचारले नव्हते. ऐकताना मनातल्या मनात ‘येते’चे ‘येतो’ करून घेतले होते.

“नव्या टीव्हीले विचार कराची सवय असते, सर,” गफ्फार म्हणाला. “चित्र आलं की थांबवते, धुते, पुसते, मोठं करते, मंग दाखवते. त्यात तुमी अजून पेट्या लावल्या. त्या बी विचार करतेत. आपला डब्बा टीव्ही विचारच नाही करत. आलं की दाखवलं. तुमीच शिकवलं, बाण निघाला की पडद्यावर.”

पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत मी एकतीस वर्षे फळ्यावर काढला होता. सिग्नल येईल त्या क्षणी तो पडद्यावर उमटतो, वाट पाहत नाही, हे वाक्य मी किती तुकड्यांना लिहून दिले असेल. घरी येताच मी ते विसरलो, कारण माझे डोळे टोपीवाल्या बाईवर होते.

“पर आधी बाईले विचारा,” गफ्फार म्हणाला. “विचारल्याबिगर काई लिवू नका.”

परतीच्या एसटीला दीड तास होता. मी बुलडाण्याच्या जीपमध्ये बसलो. जीपवाला म्हणाला, “चार सवाऱ्या झाल्या की निघालो, काका.” चार झाल्या, तो आणखी दोनसाठी थांबला. एक बाई कोंबडी घेऊन बसली आणि तिची भावजय पिशवी विसरली म्हणून उतरून गेली. मी तीनदा घड्याळ पाहिले, एकदा उतरून ड्रायव्हरच्या काचेशी जाऊन उभा राहिलो.

“घरी कोनी आजारी हाय का, काका?”

“नाही. एक प्रश्न विचारायचा आहे.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने गाडी सुरू केली. कदाचित वेडा माणूस लवकर पोचलेला बरा असे त्याला वाटले असेल.

घरात शिरलो तर मनकर्णा जमिनीवर बसली होती आणि राखीचे खोके तिच्यापुढे उघडे होते. कंट्रोलर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून झाला होता. सेन्सरची पट्टी ती एका हाताने खोक्यात बसवत होती. पाच पिनांची केबल मात्र अजून जागेवर होती. ती तिने भिऊन सोडली असावी.

“हे काय करते आहेस?”

“राखीले वापस द्याचं. तिच्या घरची लेकरं खेळतीन.”

“अजून दीड महिना आहे.”

“काह्याचा दीड महिना?” तिने स्टुलाकडे हनुवटी केली. वही तिथे होती. मी आकडे कागदावर उतरवून घेतले आणि वही घरी विसरलो होतो. वही विसरण्याची माझ्या आयुष्यातली बहुधा ती पहिलीच वेळ. “वाचलं म्या. ‘डावा हात, प्रतिसाद घटत आहे.’ शाईनं लिवलं तुमी. पेन्सिलनं असतं तं म्या काई म्हणलं नसतं.”

मी चप्पल न काढताच तिच्यासमोर बसलो.

“मनकर्णा, तू म्हणत होतीस, मांगून येते. काय मांगून येते?”

“म्हंजे?”

“कर्ता सांग. हात, की चित्र?”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू झटका मलाच आला असावा. “हात काऊन मांगून येईन? हात तं म्या हालवला की हालते. थे टीव्हीतली बाई मांगून हालते! चेंडूचा टक आवाज तुमच्या खोक्यातून येऊन जाते, अन् मंग चेंडू दिसते. एक महिन्यापासून सांगून राह्यली तुमाले.”

“मग मी ‘येईल’ म्हणालो तेव्हा तू काय समजलीस?”

“समजली की मास्तर वायर बदलून राह्यले, तं आता चित्र वखतावर येईन. तुमी एक वायर आणली, थे अजून मांगं गेलं. दुसरी आणली, थे तं पारच मांगं राह्यलं. म्या म्हणलं जाऊ दे, मास्तरले जमून नाही राह्यलं, उगाच बोलून कायले दुखवाचं?”

“मग तुला ठाऊक होते की दोष टीव्हीचा आहे.”

“ठाऊक होतं.”

“मग खोके का भरते आहेस?”

तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. 

“वहीत तुमी कधी चुकीचं लिवलं का?” ती म्हणाली. “सगळ्या गल्लीले माह्यत हाय, मास्तरच्या वहीत असते थे खरं असते. म्या म्हणलं, माझेच कान फिरले असतीन. झटका बसलेल्या बाईचे कान. वही कायले खोटी बोलीन?”

 मी कंट्रोलर लुगड्यातून सोडवला, सेन्सरची पट्टी पुन्हा टीव्हीखाली ठेवली. तिच्या हाताला पट्टी बांधली. तिने उजव्या हाताने टोक धरून दिले.

“आता डोळे मीट,” मी म्हणालो.

“काऊन?”

“चित्र मागून येते ना? मग त्याची वाट पाहू नकोस. आवाज थेट येतो. आवाजावर मार.”

जानेफळला कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या दिवसांत पोरींच्या टिपऱ्यांचा फेर मनकर्णाच चालवत असे, हे मी लग्नात तिच्या तीन मावश्यांकडून ऐकले होते. आमच्या गल्लीतल्या पोरींनाही टिपरी तिनेच शिकवली. टिपरीत समोरच्याची टिपरी पाहून मारली की उशीर होतो. ताल ऐकून मारायची असते. हे ती पोरींना माझ्यासमोर, माझ्याच अंगणात, दर वर्षी ओरडून सांगत आली होती. ‘पाहू नका गं, ऐका!’ मी ते वर्षानुवर्षे ऐकले आणि शिकवण्यासारखे काही चालले आहे असे मला कधी वाटले नाही.

तिने डोळे मिटले. पलीकडच्या खेळाडूच्या रॅकेटचा आवाज झाला, चेंडू टप्पा पडल्याचा आवाज झाला, आणि तिचा डावा हात खांद्यातून निघाला. टक.

मी मोजत होतो. वीसपैकी अकरा.

तिने डोळे उघडले. “किती?”

“अकरा.”

“लिवा.”

“लिहितो.”

“शाईनं.”

मी वही उघडली. शाईने लिहिलेली ओळ मी आजवर कधी खोडली नव्हती. तसा प्रसंग आला नव्हता किंवा येऊ दिला नव्हता. लाल रेघ ओढली, शेजारी सही केली, तारीख घातली. खाली लिहिले: टीव्हीवरील चित्र मागून येते. डाव्या हाताचा दोष नाही. नोंद करणाऱ्याने कर्ता विचारला नव्हता.

“मोठ्यानं वाचा,” ती म्हणाली. मी वाचले. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले.

मग गफ्फारला फोन केला. “चित्र मागून येते,” मी म्हणालो.

“पूर्ण वाक्यात सांगतलं, सर. पास,” तो म्हणाला, आणि पलीकडे बाजाराच्या गोंगाटात हसला. “डब्बा उद्या पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या मागच्या सीटवर, गोधडीत बांधलेला, एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आला. तो आत न्यायला जीपवाला आणि मी असे दोघे लागलो. जीपवाला कालचाच होता. “प्रश्नाचं उत्तर भेटलं का, काका?” त्याने विचारले. मी हो म्हणालो. एलईडी टीव्ही भिंतीवर काळा राहिला. धातूची पेटी आणि पाच पिनांची केबल, दोरा बांधलेल्या लाल पिनेसह, कपाटात गेली. बाद केलेली तीन पिनांची केबल मी ड्रॉवरमधून काढली. या टीव्हीला पिवळ्या पिनेचे भोक समोरच होते. जोडताना तुकडा लागला नाही, काही लागले नाही.

चित्र वाईट होते. चेंडूच्या शेपटीपेक्षा मला जाळीचे हरवलेले धागे अधिक डाचले. मी कॉन्ट्रास्टच्या बटणाकडे हात नेला.

“हात नका लावू,” मनकर्णा म्हणाली. “सुरू करा.”

त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी तेरा. त्यानंतरचे सगळे आकडे चढते नव्हते. एक दिवस नऊवर आले आणि मी पुन्हा अंगणात येरझारा घातल्या. अंजुम मॅडमनी येऊन बोटे तपासली, पकड पाहिली आणि असेच चालू ठेवा म्हणाल्या. पुढे किती येईल ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तो रकाना मी पेन्सिलीसाठी मोकळा सोडला आहे.

कोजागरी जवळ आली तेव्हा संध्याकाळी गल्लीत पोरींच्या टिपऱ्या वाजत होत्या. मनकर्णा ओट्यावर बसून त्यांच्या चुका मोजत होती. मग तिने आतून स्वतःच्या टिपऱ्या मागवल्या. एक मी तिच्या डाव्या हातात दिली आणि कंट्रोलरच्याच पट्टीने बांधली. बोटांनी ती अर्धी धरली, अर्धी पट्टीने. दुसरी तिने माझ्या हातात दिली.

“मारा.”

“मला येत नाही.”

“माझ्या हातावर मारा म्हणून राह्यली. पोरी वाजवतेत त्या वखतावर.”

तिचा हात खांद्यातून निघाला, तालावर निघाला, आणि माझी टिपरी पोचेपर्यंत तिथून निघूनही गेला होता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टिपऱ्या कशाबशा लागल्या.

“आता हात मांगून नाही येत, चित्र बी मांगून नाही येत,” ती पोरींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. “मास्तर मांगून येते!”

पोरी हसल्या. मी टिपरी नीट धरली आणि या वेळी तिच्या हाताकडे न पाहता ऐकू लागलो.